पहाटे चारला कत्तलखाना, दुपारी चारला ढाबा : खान्देशात अन्नतपासणी कशी करावी

तपासणीची वेळ चुकली की बाकी सगळं बरोबर असूनही हाती काही लागत नाही. नगरपालिकेची गाडी सकाळी अकराला कत्तलखान्यावर पोहोचते, तोवर फरशी धुऊन वाळलेली असते, मटण दुकानांत आकड्यांवर लागलेलं असतं आणि डॉक्टरांच्या रजिस्टरवर सही झालेली असते. ढाब्याचंही तेच. दुपारी बाराला रस्सा उकळत असतो आणि स्वयंपाकघर सगळ्यात चांगल्या अवस्थेत असतं. खरी गडबड चार वाजता असते. दुपारची उरलेली भाजी तेव्हा संध्याकाळची वाट बघत कोपऱ्यात झाकून ठेवलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा त्या झाकलेल्या गंजात जंतूंना उबदार घरच मिळतं.

म्हणून या लेखात प्रत्येक ठिकाणी काय बघायचं, याच्या आधी कधी बघायचं ते सांगितलं आहे. लेख निरीक्षकांसाठी आहे. दुकानदारांनीही वाचावा, म्हणजे साहेब काय शोधतात ते कळेल आणि ते आधीच दुरुस्त करता येईल.

कोणाचं काम कुठवर

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. भेसळ प्रतिबंधाचा १९५४ चा जुना कायदा त्याने बाद केला. या कायद्याखाली नमुना घेणं, माल जप्त करणं आणि परवाना निलंबित करणं हे अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे. प्रत्यक्ष तपासणी अन्न सुरक्षा अधिकारी करतो आणि त्याच्या वर पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे जिल्ह्याचे सहायक आयुक्त (अन्न), असतात. नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा स्वच्छता निरीक्षक या कायद्याखाली कायदेशीर नमुना घेऊ शकत नाही. घेतला, तर प्रकरण पहिल्याच तारखेला पडतं. त्याचे अधिकार कचरा, गटार, उपद्रव, सांडपाणी, बाजाराच्या जागा आणि पालिकेच्या कत्तलखान्याची परवानगी यांपुरते आहेत. महापालिकांना १९४९ चा कायदा लागू होतो, नगरपरिषदांना १९६५ चा. जळगाव आणि धुळे या महापालिका आहेत. भुसावळ, अमळनेर, चोपडा, नंदुरबार, शहादा, शिरपूर या नगरपरिषदा. जनावर बघायचा अधिकार पशुवैद्यकाचा. गावात पाण्याचा नमुना आरोग्य सेवक घेतो.

या चौघांनी एकत्र जावं. पालिकेच्या माणसाला गटारात रक्त दिसतं, पण दुकानातलं मांस त्याच्या कक्षेत नाही. अन्न अधिकाऱ्याला मांस दिसतं, पण बकरी कुठे कापली ते त्याला माहीत नसतं. दोघं वेगवेगळ्या दिवशी गेले की मधली फट कोणालाच दिसत नाही. महिन्यातून एक संयुक्त पहाट ठरवली तरी बराच फरक पडतो.

परवान्याबद्दल थोडक्यात. छोट्या व्यावसायिकाला नोंदणी, मोठ्याला परवाना. उलाढालीची मर्यादा आणि फी नियमांत बदलत राहते, म्हणून जुन्या कागदावर विसंबू नये, त्या दिवशीचा आकडा परवान्याच्या सरकारी पोर्टलवर बघावा. १४ अंकी क्रमांक भिंतीवर हवा आणि बिलावरही हवा. क्रमांक पोर्टलवर टाकून नाव, पत्ता आणि व्यवसायाचा प्रकार जुळतो का ते बघावं. फरसाणच्या नोंदणीवर मटणाचं दुकान चालवलेलं सापडतं.

पिशवीत काय असावं

टोकदार दांडीचा डिजिटल थर्मामीटर ही पहिली गरज. निघण्यापूर्वी तो कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी असलेल्या पेल्यात धरावा. ० अंश दाखवला पाहिजे, एक अंशापेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवशी तो वापरू नये. एका भांड्यातून दुसऱ्यात घालताना दांडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी. कच्च्या चिकनमधून काढून थेट रायत्यात घातली, तर तपासणीच रोग पसरवते. शिवाय टॉर्च, पाण्यातलं क्लोरीन बघायचा ओटी संच, आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या, तळणाच्या तेलाचा मीटर किंवा पट्ट्या, दुधातलं पाणी ओळखायचा लॅक्टोमीटर, आयोडीनची छोटी बाटली, टोपी, स्वतःचा एप्रन. टोपी न घालता स्वयंपाकघरात शिरणाऱ्या निरीक्षकाचं कोणी मनावर घेत नाही.

हॉटेल, ढाबा, खानावळ

आत गेल्यावर कागद मागू नयेत. कागद काढेपर्यंत आतला पोऱ्या फ्रिज आवरतो आणि रश्श्याखाली गॅस मोठा करतो. आधी थर्मामीटर, मग हात, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी फाईल.

गरम ठेवलेलं अन्न ६५ अंशांच्या वर, मांसाहारी ७० च्या वर, थंड ५ किंवा त्याखाली आणि गोठवलेलं उणे १८. दांडी रश्श्याच्या मध्यभागी, अर्ध्या खोलीपर्यंत घालावी. शेवभाजीच्या रश्श्यावर तेलाचा जाड तवंग असतो, तो उष्णता धरून ठेवतो. वरच्या थराचं माप ७२ आणि खालचं ५१, असं सर्रास सापडतं. तवंगाखालचं माप लिहावं.

शिजवण्याचे आकडे वेगळे. शाकाहारी पदार्थाचा गाभा ६० अंशांवर १० मिनिटं किंवा ६५ वर २ मिनिटं. मांसाहारी ६५ वर १० मिनिटं, ७० वर २ मिनिटं किंवा ७५ वर १५ सेकंद. पुन्हा गरम करताना ७५ अंशांवर निदान २ मिनिटं. भरलेलं वांगं किंवा चिकनचा मोठा तुकडा बाहेरून करपलेला आणि आतून कोमट असू शकतो, म्हणून दांडी सगळ्यात जाड भागात घालावी.

आता गार करण्याचा मुद्दा. खान्देशात नियम आणि वास्तव यांची फारकत इथे सगळ्यात जास्त होते. उरलेलं अन्न ६० वरून २१ अंशांवर २ तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या २ तासांत आलं पाहिजे. मे महिन्यात स्वयंपाकघराचं तापमान ४० च्या वर असतं. मग ओट्यावर ठेवलेला गंज २१ वर येणार कसा? येतच नाही, रात्रभर ठेवला तरी नाही. 'गार करायला ठेवलंय साहेब' हे उन्हाळ्यात उत्तर होऊ शकत नाही. उपाय साधा आहे. पदार्थ पसरट परातींत दोन इंचांपेक्षा खोल नको असा ओतायचा, परात बर्फाच्या पाण्यात ठेवायची, ढवळत राहायचं आणि कोमट झाली की झाकण सैल ठेवून फ्रिजमध्ये. पन्नास लिटरचं वरण एकाच पातेल्यात ठेवलं, तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. उकळीत न मरणारे जंतूंचे बीजाणू तिथे जागे होतात. हे पटत नसेल, तर उरेल इतकं शिजवूच नये.

फ्रिजच्या बाहेरच्या आकड्यावर जाऊ नये. आत एक पेला पाणी ठेवायला सांगावं आणि बाकी तपासणी करून परत येताना त्या पाण्याचं माप घ्यावं. दार उघडलं की हवेचं माप उडतं, पाण्याचं टिकतं. ५ ऐवजी ११-१२ आलं तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं. मागची जाळी भट्टीच्या भिंतीला टेकली आहे, जाळीवर तेलकट धूळ बसली आहे, किंवा आत इतकं कोंबलंय की हवा फिरत नाही. वीतभर जागा सोडून जाळी झाडली की बऱ्याचदा दुरुस्तीवाला बोलवावाच लागत नाही. कच्चं मांस खालच्या खणात, शिजवलेलं वर. उलट ठेवलं की रक्ताचा थेंब खाली गळतो.

हात आणि फडकं. हात धुवायचं बेसिन भांड्यांच्या मोरीपासून वेगळं हवं आणि तिथे साबण ओला असावा. कोरडा, तडकलेला साबण असेल तर तो दाखवण्यासाठी ठेवलेला आहे. एकाच फडक्याने टेबल, ताटं आणि कपाळ पुसलं जात असेल, तर फरशीच्या टाइल्स कितीही पांढऱ्या असोत, त्या हॉटेलला गुण देऊ नयेत. कामगारांचं वैद्यकीय प्रमाणपत्र वर्षातून एकदा हवं, टायफॉइडची लस टोचलेली हवी. हाताला पिकलेली जखम असलेला माणूस कणीक मळत नाही ना, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. हात बघावे लागतात.

पाणी. उन्हाळ्यात काही शहरांत नळ कित्येक दिवसांआड येतो, म्हणून हॉटेलवाले टाक्या भरून ठेवतात किंवा टँकर घेतात. नळाला आलेलं क्लोरीन टाकीत उडून जातं. तेव्हा ओटी चाचणी नळावर न करता गिऱ्हाईकाच्या पेल्यातल्या पाण्यावर करावी. निदान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन हवं, पिवळी छटा दिसली पाहिजे. नसेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आधी बादलीत कालवून निवळू द्यायची, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. पावडर कोरड्या जागी, बंद पिशवीत हवी. उघड्या पोत्यात दोन उन्हाळे काढलेली पावडर म्हणजे नुसता चुना. भांडी बुडवायला ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट १० लिटरला २० मिलिलीटर, म्हणजे १०० पीपीएम. कोथिंबीर-पालेभाजीला त्याच्या निम्मं, आणि नंतर साध्या पाण्यात खळबळायचं.

बर्फाबद्दल महाराष्ट्रात २०१८ पासून सोपी खूण आहे. खायचा नसलेला बर्फ निळा असतो. उसाच्या रसवंतीत, लस्सीत किंवा गोळ्याच्या गाडीवर निळसर झाक दिसली की तिथेच फोडून गटारात. रंगहीन असला तरी कुठून आणला त्याची पावती मागावी.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा तपासणीचा नमुना-तक्ता वापरणं सोयीचं. खानपान व्यवसायाचा तक्ता ११४ गुणांचा आहे. १०० किंवा पुढे 'ए प्लस', ९१ ते ९९ 'ए', ८१ ते ९० 'बी', त्याखाली श्रेणीच नाही. पण चांदणी (*) असलेल्या मुद्द्यांत एकही चुकला तरी दुकान नापास. नवे निरीक्षक बेरीज करतात आणि चांदण्या विसरतात.

तेल, रंग, भगर, केळी

तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने बनणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यातून बाद. ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून आहे. रंगावरून निर्णय घेऊ नये. शेव आणि मिरचीची भजी यांत बेसन-तिखटाने तेल दुसऱ्या घाण्यालाच काळवंडतं. न फुटणारा फेस, कमी आचेवर निघणारा धूर, झाऱ्याला चिकटणारी तार आणि कढईच्या काठावरची राळ या खऱ्या खुणा. 'रोज नवीन टाकतो' याचा अर्थ बहुधा रोज जुन्यात नवीन घालतो. जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल लागणाऱ्याने वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची आणि ते अधिकृत संकलकाला द्यायचं. रस्त्यावरच्या गाडीवाल्याला विकलेलं हेच तेल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कढईत दिसतं.

वडे-भजी वर्तमानपत्रात बांधून देणं नियमाने बंद आहे, शाई तेलात उतरते. मिठाईच्या सुट्या ट्रेवरही १ ऑक्टोबर २०२० पासून 'या तारखेपर्यंत खावे' हे लिहावं लागतं. खव्यावर आयोडीनचा थेंब निळा झाला तर पिष्ट आहे. हळद किंवा पिवळ्या डाळीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घातल्यावर गुलाबी-जांभळं झालं तर मेटॅनिल यलो या खाण्यात बंदी असलेल्या रंगाचा संशय. नंदुरबार आणि दोंडाईच्याच्या मिरचीच्या पथारींवरून निघणारा माल एरवी स्वतःच लाल असतो. रंग बहुतेक पुढे, दळताना आणि हलकी मिरची खपवताना मिसळला जातो. तिखट पाण्याच्या पेल्यावर सोडावं, रंगाच्या रेघा उतरत गेल्या तर नमुना घ्यावा. या सगळ्या चाचण्या संशय घेण्यापुरत्या. त्यांच्यावर खटला उभा राहत नाही.

भगरीकडे एकादशी, महाशिवरात्र आणि नवरात्राच्या आठ दिवस आधी बघावं, नंतर बघून उपयोग नाही. ओलसर पोत्यात बुरशी धरते आणि उपवासाच्या दिवशी पीठ खाऊन माणसं थरथरत दवाखान्यात येतात. सुटी भगर आणि सुटं पीठ विकणाऱ्या दुकानांत पोत्याच्या तळाशी हात घालून बघावा. ओल, गाठी किंवा कुबट वास आला की विक्री थांबवावी.

रावेर, सावदा, फैजपूर पट्ट्यात केळी पिकवण्याची गोदामं बघावी लागतात. कॅल्शियम कार्बाइडला पूर्ण बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात. क्रेटमध्ये कागदाच्या पुड्या, लसणासारखा वास, साल एकसारखी पिवळी पण देठ हिरवा आणि गर कडक, अशी त्याची ओळख. परवानगी आहे ती इथिलीन वायूला, १०० पीपीएमपर्यंत आणि बंद चेंबरमध्येच. द्रवात केळी बुडवून काढणं यात बसत नाही.

मटण आणि चिकनचं दुकान

मटणाच्या दुकानात सकाळी सातच्या आत जावं. प्रत्येक धडावर कत्तलखान्याचा शिक्का आणि तारीख शोधावी. शिक्का मांडीवर असतो आणि खाटीक मांडी शेवटी विकतो, त्यामुळे 'शिक्क्याचा भाग विकला गेला' ही सबब सकाळी सातला चालत नाही. आकड्यावर चार धडं आणि पावती दोनांची असेल, तर उरलेली दोन दुकानामागे कापली आहेत. मागे जाऊन मुंड्या, पाय आणि कातडी मोजावी. दुकानात जनावर कापायला नियमाने मनाई आहे.

भिंतीला पाच फुटांपर्यंत टाइल्स किंवा धुता येणारा पृष्ठभाग, दाराला जाळी, माशी मारायचा दिवा, न गंजणारे आकडे, पायाने उघडणारा झाकणाचा डबा आणि गरम पाण्याची सोय. सुऱ्या-सत्तूर ८२ अंशांच्या पाण्यात बुडवायचे असतात. चहाच्या शेगडीवरचं पाणी त्याला पुरत नाही. तोडायचा ठोकळा अन्नयोग्य कृत्रिम वस्तूचा किंवा टणक लाकडाचा. लाकडी असेल तर भेगांत सुरीचं टोक घालून बघावं. काळा, दुर्गंधी लगदा निघाला तर ठोकळा रंधून घ्यावा किंवा बदलावा. रोज दुकान बंद करताना खरवडणं, गरम पाण्याने घासणं आणि वर जाड मीठ पसरणं, एवढं केलं तर तो टिकतो. भिजवलेलं गोणपाट धडावर टाकायची पद्धत गारव्यासाठी आहे हे खरं, पण तेच गोणपाट आठवडाभर न उकळता वापरलं की तेच घाण पसरवतं.

चिकनच्या दुकानात पक्षी दुकानातच कापला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. तिकडे डोळेझाक करण्यापेक्षा कापण्याची जागा विक्रीपासून भिंतीने वेगळी करायला लावणं आणि योग्य नोंदणी करायला लावणं शहाणपणाचं. रोज ५० पक्ष्यांपर्यंत नोंदणी, त्यापुढे १,००० पर्यंत राज्य परवाना. पक्षी शंकूत उलटा ठेवून निदान दीड ते दोन मिनिटं रक्त पूर्ण वाहू द्यावं. पिसं सोडवायचं पाणी ५२ ते ६० अंश. जास्त गरम झालं तर साल शिजते आणि फाटते, थंड असेल तर पिसं निघत नाहीत. पाणी तपकिरी होईपर्यंत न बदलणं ही सर्वांत नेहमीची चूक. एका पक्ष्याची विष्ठा मग पन्नास पक्ष्यांना लागते.

मे महिन्यातली एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. वाहतुकीत आणि पिंजऱ्यात उष्माघाताने कोंबड्या मरतात. त्या फेकल्या जात नाहीत, स्वस्तात छोट्या हॉटेलांकडे जातात. ओळख अशी : साल लालसर-जांभळी, पंखाखालच्या आणि छातीच्या शिरांत रक्त साकळलेलं, मानेचा काप कोरडा आणि कडा न फाकलेल्या. जिवंत पक्ष्याची मान कापली की कडा फाकतात आणि रक्ताने माखतात. आलेले पक्षी, विकलेले आणि पिंजऱ्यात उरलेले यांची बेरीज मागावी. 'मेलेले किती आणि कुठे टाकले' हा रकाना कोराच असेल, तर हिशेब मालकाच्या समोर मांडायला सांगावा.

नवापूरचा अनुभव सगळ्या खान्देशाला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या कुक्कुटपालनात सापडला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा आला. एखाद्या दुकानात किंवा शेडवर अचानक बरेच पक्षी मेले, तुऱ्याला निळसरपणा आला, तर कापून बघायचा मोह टाळावा. हातमोजे-मास्क लावून बाजूला व्हावं आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावं. माल हलू देऊ नये.

कत्तलखाना

पहाटे चारला आत असावं. त्याआधी कायद्याची चौकट डोक्यात हवी. महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. १९९५ च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी २०१५ मध्ये मिळाली. म्हैस, रेडा, पारडू यांना सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. दिवसाला १० किंवा अधिक जनावरं कापली जातात तिथे २००१ चे कत्तलखाना नियम लागतात. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी कापता येत नाही.

पहिलं काम रजिस्टर, आणि इथे मात्र कागद आधी बघावा, कारण तो खोटं बोलतो ते गणितात सापडतं. एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नसतात. ६० बकऱ्यांना म्हणजे पाच तास हवेत. रजिस्टरवर सगळ्या ६० ची वेळ एकच असेल, तर तपासणी झालेली नाही, सह्या झाल्या आहेत. तपासणीनंतर जनावराला २४ तास विश्रांती द्यायची असते, म्हणून दाखला आदल्या दिवशीचा हवा. आठवडे बाजारातून संध्याकाळी उतरवलेला टेम्पो पहाटे कापला जात असेल तर दोन्ही नियम मोडले.

विश्रांती हा फक्त दयेचा विषय नाही. धावपळ, तहान आणि भीती यांत स्नायूतली साखर संपते. मग मांसाला पुरेसा आंबटपणा येत नाही. नीट विसावलेल्या जनावराच्या मांसाचा पीएच दुसऱ्या दिवशी ५.५ ते ५.८ असतो. दमलेल्याचा ६.२ च्या वर राहतो, मांस गडद, चिकट दिसतं आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत वास मारतं. थांबवण्याच्या जागेत मोठ्या जनावराला २.८ आणि लहानाला १.६ चौरस मीटर जागा, सावली आणि पाणी हवं.

जिवंतपणीची तपासणी चालत्या जनावराची करावी, बसलेल्याची नाही. लंगडणं, लाळ, नाकातून शेंबूड, हगवण, अंगावर गाठी किंवा देवी, कळपापासून बाजूला उभं राहणं. संशय आला की ताप बघावा. बकरीचा साधारण ३९ अंशांच्या आसपास असतो. नुकतंच इंजेक्शन दिलेल्या जनावराच्या औषधाचा थांबा-काळ (औषध अंगातून निघून जायची मुदत) संपलेला नसतो, मालकाला थेट विचारावं. अचानक मेलेलं, पोट फुगलेलं आणि नाका-गुदद्वारातून काळपट, न साकळणारं रक्त येणारं जनावर म्हणजे काळपुळी, ज्याला बरेच जण फाशी म्हणतात. ते फाडू नये, कातडी काढू देऊ नये. हवेचा स्पर्श झाला की बीजाणू तयार होतात आणि मातीत अनेक वर्षं टिकतात. पशुवैद्यकाला बोलावून चुन्यासह खोल पुरावं.

एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. रक्त काढण्याची जागा, कातडी सोलण्याची, आतडी काढण्याची आणि धड धुण्याची जागा वेगळी, आणि वाहतूक एकाच दिशेने. जमिनीवर सोलणं बंद करणं हीच सगळ्यात मोठी सुधारणा. लोखंडी आडवा नळ आणि आकडे लावून धड टांगलं, तरी अर्धी घाण टळते. सोलताना कातडीला लागलेला हात मांसाला लागू नये. आतडी काढताना गुदद्वार आणि अन्ननलिका दोरीने बांधावी, फाटली तर तो भाग पाण्याने धुऊ नये. धुतल्याने घाण पसरते, सुरीने कापून काढावा. हॉलमध्ये २०० लक्स आणि मांस तपासतात तिथे ५०० लक्स उजेड लागतो. एका पिवळ्या बल्बखाली यकृतातली गाठ दिसत नाही.

मग आतल्या अवयवांची तपासणी, आणि ती ठरलेल्या क्रमाने :

१. मुंडी : तोंड, जीभ, घशामागच्या गाठी.
२. फुफ्फुसं : नुसतं बघून भागत नाही, बोटांनी दाबत जावं. टणक गाठ लागली तर कापावी.
३. कलेजी : पित्तनलिकेला छेद देऊन दाबावं. पानासारखे चपटे कृमी बाहेर आले तर यकृतकृमी. डबक्यांकाठी चरलेल्या मेंढ्या-बकऱ्यांत हे नेहमीचं.
४. हृदय, प्लीहा, मूत्रपिंडं. प्लीहा खूप सुजलेली आणि काळी असेल तर काम थांबवावं.
५. धड : कावीळ, सूज, पू, जखमा, सांध्यांची सूज.

कलेजी किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेली गाठ दिसली, तर ती फोडू नये आणि कुत्र्याला टाकू नये. त्या गाठीतली जंताची पिल्लं कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि तिथून बकरीत आणि माणसात येतात. कत्तलखान्याच्या कुंपणाबाहेर वाट बघणारी कुत्री याच चक्राचा भाग आहेत. कुंपण आणि झाकणाचे डबे हा रोगनियंत्रणाचाच खर्च समजावा. बाद ठरवलेल्या अवयवांवर लगेच रंग किंवा फिनाइल ओतावं, नाहीतर ते मागच्या दाराने दुकानात जातात. काय बाद केलं, किती आणि कशामुळे, हे रोज लिहावं. वर्षभर 'निरंक' असलेलं बाद-रजिस्टर म्हणजे तिथे कोणी तपासत नाही.

एका बकरीचं रक्त साधारण सव्वा-दीड लिटर. पन्नास बकऱ्यांचं साठ लिटरांच्या वर. ते पाण्यासोबत गटारात गेलं की उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या पांझरेत किंवा गिरणेच्या डोहात जाऊन सडतं. रक्त वेगळ्या नाळीने टाकीत घ्यावं, फरशी आधी रबरी फावड्याने कोरडी ओढावी आणि मग पाणी मारावं. उलट क्रमाने केलं तर टाकी पाण्याने भरते आणि रक्त गटारातच जातं. बकरी ईदला तात्पुरत्या जागा ठरवाव्या लागतात. तिथे रक्ताचा खड्डा, चुना, झाकलेला ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर आदल्या दिवशी जागेवर हवा. ईदच्या सकाळी फोन करून काही मिळत नाही.

यात्रा आणि पंगती

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, अमळनेरची वैशाखातली, मुक्ताईनगरची महाशिवरात्रीची, धुळ्याची एकवीरादेवीची. इथल्या तात्पुरत्या गाड्यांना आधीच्या दिवशी एकत्र बोलावून पाणी, बर्फ आणि तेल या तीन गोष्टी सांगाव्यात. वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी सहसा दगा देत नाही, वरण आणि गोड पदार्थ देतात. आचाऱ्याला प्रत्येक पदार्थाचा पावशेर नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात, फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवायला सांगावं.

विषबाधा झालीच, तर वेळेवरून अंदाज बांधता येतो. एक ते सहा तासांत उलट्या, तर बहुधा हातातून आलेलं किंवा भातातलं विष. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, तर हळू गार झालेला मोठा गंज. बारा तासांपासून तीन दिवसांत ताप, तर साल्मोनेला जंतू. कोणी काय खाल्लं आणि कोणी काय खाल्लं नाही, दोन्ही विचारावं. न आजारी पडलेल्यांची यादी जास्त उपयोगी असते, आणि ती करायला कोणालाच सुचत नाही. डॉक्टरांनी अशा घटना कळवायच्या असतात. अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५.

नमुना आणि नोटीस

कायदेशीर नमुना चार भागांत. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, चौथा मालकाने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे, नाहीतर तोही पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. आधी लेखी सूचना, साक्षीदार, मालाची किंमत देऊन पावती, आणि चारही भागांवर एकसारखी लाख, चिठ्ठी आणि सही. सही अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी वेष्टणावर यावी. दूध असेल तर ५०० मिलिलीटर. आधी कॅन तळापासून ढवळून घ्यावा, नाहीतर वरची साय एका बाटलीत जाते आणि चार भागांचे चार निकाल येतात. फॉर्मेलिन २५ मिलिलीटरला दोन थेंब, म्हणजे १२५ च्या बाटलीत दहा. जंतुतपासणीच्या नमुन्यात मात्र एकही थेंब नको, तो बर्फात ठेवून पाठवावा. पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत नमुना निघाला पाहिजे. विश्लेषकाला १४ दिवस आणि अहवालाविरुद्ध अपिलाला मालकाला ३० दिवस. पाहणीसाठी घेतलेल्या सर्वेक्षण नमुन्यावर खटला चालत नाही, म्हणून नमुना कायदेशीर की सर्वेक्षणाचा, हे घेण्यापूर्वी ठरवावं.

सुधारणा नोटिशीत 'स्वच्छता राखावी' असं लिहिलं, तर मालक फिनाइल मारून उत्तर देतो. 'फ्रिजमधल्या पाण्याचं तापमान दुपारी ४.१० ला १२ अंश आढळलं, ते ५ किंवा त्याखाली आणावं' असं लिहावं. मुदत १४ दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर सुधारणा नोटीस न देता आपत्कालीन मनाईच्या तरतुदीकडे वळावं. अस्वच्छ जागेत अन्न बनवल्याबद्दल १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, कमी दर्जाच्या अन्नाला ५ लाखांपर्यंत.

फेरतपासणी त्याच वेळी करावी. दुपारी ४.१० ला सापडलेला दोष सकाळी दहाला बघून 'दुरुस्त' लिहू नये. मुदत संपली की पुन्हा दुपारी चारला जावं आणि आल्याबरोबर फ्रिजमध्ये पाण्याचा पेला ठेवायला सांगावा.